पिवळे जिंकले

१२ जानेवारी, सोमवार

स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, बाबांचं रोज काय झालं ते लिहीत जा. त्यांच्यासाठी वेगळे कागद केले आहेत. त्यांत 'डावा हात खांद्यापर्यंत', 'पाणी स्वतः मागितलं' असलं लिहिते. ही वही माझी. इथे प्रगती लिहायची सक्ती नाही.

तर प्रगती नाही. ऑक्टोबरात झटका आला तेव्हा बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. उजव्या पायात आता थोडी जान आहे, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. तोंडातून फक्त 'अं' येतं. पाणी हवं तरी अं, उशी टोचली तरी अं, माझ्यावर चिडले तरी अं. ऐकू नीट येतं. कळतं किती, ते छातीठोकपणे कुणी सांगत नाही. अक्षरं समोर धरली तर त्यांची नजर वरून घसरून जाते, ओल्या फरशीवरून पाय घसरावा तशी. आणि हा माणूस रोज सकाळी पेपर शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचायचा. आता मी वाचून दाखवते. तेही शेवटचंच पान.

आज दादाकडून खोकं आलं. दादा येत नाही, त्याच्या वस्तू येतात. आधी हवेची गादी, मग खुर्चीत बसून मारायची सायकल, मग बोटाने चित्रं दाबायचा टॅब. आज माझ्यासाठी घड्याळ. नाडी मोजतं, झोप मोजतं, बसून राहिलं की ओरडतं.

"ठमे, स्वतःकडे पण बघ जरा," फोनवर म्हणाला. "रोज थोडं चालत जा."

"कुठे?"

"म्हणजे?"

"चालत कुठे जाऊ? मोरीत की बाल्कनीत?"

तो हसला, मीही हसले. फोन ठेवल्यावर माझं हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आज मी खोटं वाचलं.

पिवळे काल बाहेरगावी खेळले आणि हरले. पिवळे म्हणजे बाबांचा फुटबॉल संघ. बाबा बँकेत होते, पण विचारलं तर सांगायचे, "मी फलकावर असतो." रविवारी मैदानावरच्या गुणफलकाच्या मागे चढून पत्र्याचे आकडे खिळ्यांना अडकवायचे. निवृत्तीनंतरही, अगदी झटका येईपर्यंत. मैदान आमच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून आहे. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता रोज वाचून वाचून तोंडपाठ झालंय. शेवटून दोन नंबरांत राहिलो तर खालच्या गटात घसरणार, आणि पिवळे तिथेच लटकले आहेत.

गेल्या आठवड्यात हरल्याची बातमी वाचली तेव्हा बाबा ढसाढसा रडले होते. व्यायामाच्या ताई म्हणाल्या, झटक्यानंतर असं रडू येतंच, त्याचा फार अर्थ लावू नका. म्हणायला काय जातं! डॉक्टरांनी रक्तदाबाची भीती घातलेली. म्हणून आज बातमी डोळ्यांसमोर असताना मी म्हटलं, "बाबा, पिवळे जिंकले. दोन-एक."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने गादीवर दोनदा थोपटलं. मी म्हटलं, चला, आजचा दिवस गेला.

२४ जानेवारी, शनिवार

ग्रंथालयात अर्धा दिवस जाते तेवढंच माझं बाहेर पडणं. तेवढा वेळ शेजारच्या मावशी बाबांपाशी बसतात आणि त्यांना सगळ्या इमारतीच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकवतात. "तुझे बाबा फार गुणी श्रोते आहेत गं," म्हणाल्या. "माझा नवरा मध्ये मध्ये बोलायचा."

दिवसभर लोकांना पुस्तकं काढून देते आणि स्वतः काही वाचत नाही. एक जाड कादंबरी ऑक्टोबरात उशाशी ठेवली होती. नायिका अजून तिथेच जिन्यात उभी आहे. तिला म्हणावं, बस बाई खाली, मला यायला वेळ आहे.

बाबांना बाथरूममधून उचलून आणताना घड्याळ ओरडलं : उठा, थोडी हालचाल करा! माझ्या गळ्यात बाबांचा हात, कमरेवर त्यांचं सगळं वजन. मी त्या घड्याळाला अशी शिवी दिली की बाबांनी मान वर करून पाहिलं. लहानपणी ती शिवी मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी बाबा खिडकीकडे हात करून अं-अं करत राहिले. उघडली. वारा येत नाही, नुसती धूळ येते, पण त्यांना उघडी हवी म्हणजे हवी. मग डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं झोपले. मी कपड्यांचं मशीन लावलं, ते विमानासारखं गरजतं.

परत आले तर डावा हात पांघरुणावर विचित्र चाळा करत होता. एक बोट वर. मग हात खाली. मग तीन बोटं. परत एक, परत तीन. मी हात चोळून दिला. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, स्नायू आपोआप उडतात, घाबरू नका. मॅडमच्या कागदावर लिहिलं : डाव्या हाताच्या बोटांत आकडी.

२ फेब्रुवारी, सोमवार

पिवळे एक-तीन हरले. मी दोन-शून्य जिंकवले.

खोटं नुसतं आकड्यावर भागत नाही, त्याला मागेपुढे लागतं. म्हणून आता सकाळी चहा होईपर्यंत मनात सगळा सामना जुळवते. आज दुसरा गोल मी टकल्याकडून करवला. हा नऊ नंबरचा, बाबांचा लाडका. "टकल्याने डावीकडून मुसंडी मारली, दोघांना चकवलं, आणि गोलरक्षक हवेत झेपावला तो झेपावलाच!" असं वाचलं. बाबा इतके हसले की खोकला लागला. पाठ चोळावी लागली.

खरं लिहायचं तर मला मजा आली. कितीतरी महिन्यांनी काहीतरी माझ्या मनासारखं घडलं, ते खोटं का असेना. इथे तरी कबूल करते.

मावशी ऐकत होत्या. स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "अगं, तो टकल्या तर नाताळच्या आधीच दुसऱ्या संघात गेला ना? आमच्या जावयाने तेव्हा दोन दिवस तोंड पाडलं होतं."

मला कुठे माहीत! बाबांना तरी कुठून माहीत असणार, ते तेव्हा हॉस्पिटलात होते. मी थोडक्यात निसटले.

९ फेब्रुवारी, सोमवार

चमत्कार. पिवळे बाहेरगावी जाऊन खरोखर जिंकले, एक-शून्य. मी अक्षर न् अक्षर खरं वाचलं, मोठ्याने, उभी राहून.

बाबांनी थोपटलं नाही. मान तिरकी करून माझ्याकडे पाहत राहिले, लहानपणी मी गृहपाठ झाला म्हटल्यावर पाहायचे तसे. मग पेपरकडे बोट केलं. मी पेपर पुढे धरला, आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी आकड्याकडे कितीतरी वेळ पाहिलं आणि मग थोपटलं.

आता मला भीती वाटते, त्यांची समज कमी होत चालली आहे का? चांगली बातमीसुद्धा पटकन पोचत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही. कंबर धरली. मॅडमनी टॅबवर नवी चित्रं घालायला सांगितली, बाबांच्या आवडीची. मी दोन काढली, त्यांत माझा आवाज भरला : हसणारा पिवळा सदरा म्हणजे जिंकले, मान टाकलेला पिवळा सदरा म्हणजे हरले. दुसरं कधी लागणार नाही, तरी काढलं.

दादाचा फोन. पुढच्या महिन्यात मॅडम तपासणी करतील त्याला तो येणार आहे. स्वतः! मी विचारलं, खोक्यात बसून येतोस का?

२ मार्च, सोमवार

काल घरच्या मैदानावर शून्य-दोन. बाबांनी खिडकी उघडायला लावली होती. मशीनचा आवाज त्यांना त्रास देतोय असं वाटलं, ते बंद केलं. बाबांनी मूठ वर केली. मला वाटलं माझ्यावर रागावले. मग दोन बोटं केली. म्हटलं, "दोन काय बाबा? दोन घोट पाणी?" त्यांनी डोळे मिटून घेतले. पाणी आणलं तर प्यायले नाहीत.

आज मी तो एक-एक बरोबरीत सोडवला. सारखं जिंकवायचा माझाच धीर होईना.

दादाला फोनवर म्हटलं, मी थकले रे. पहिल्यांदाच म्हटलं. तो म्हणाला, "मी एक जागा पाहून ठेवलीय ठमे. तिथे नर्स असतात."

फोन ठेवल्यावर बाबांपाशी गेले आणि काही कारण नसताना म्हणाले, "अहो बाबा, विसरले सांगायला. शेवटच्या मिनिटाला अजून एक गोल झाला. जिंकलो आपण." पेपर घडी केलेला होता. त्यांनी थोपटलं.

४ मार्च, बुधवार

लिहू का नको.

मॅडमच्या खोलीत दादा, मी, बाबा. चमचा कुठला, किल्ली कुठली, दार उघडायला काय लागतं, सगळं बाबांनी दाखवलं. मी दादाकडे बघत होते, बघ म्हणून. मग मॅडम म्हणाल्या, "वस्तू ओळखणं वेगळं. घडलेलं लक्षात राहतं का, ते मला बघायचंय." आणि विचारलं, "आजोबा, रविवारी तुमचे पिवळे जिंकले की हरले?" मॅडमचा मुलगा मैदानावर गेला होता म्हणे, म्हणून त्यांना निकाल माहीत.

बाबांचं बोट मान टाकलेल्या सदऱ्यावर गेलं. थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं! मला वाटलं ते विसरले, आठवायचा प्रयत्न करताहेत. मी हसले, धीर द्यायला. मग बोट सरकलं आणि त्यांनी हसणारा सदरा दाबला. टॅब माझ्याच आवाजात बोलला : जिंकले.

मॅडमनी पुन्हा विचारलं. पुन्हा जिंकले. मॅडमनी काहीतरी लिहिलं.

बाहेर म्हणाल्या, "जुनं शाबूत दिसतंय, पण नवीन काही आत टिकत नाही. असं असेल तर बोलण्याच्या उपचारांचा उपयोग होत नाही हो. मला पुढे चालू ठेवता येणार नाही."

दादा गाडीपाशी म्हणाला, "त्यांना कळत नाही गं. तू त्यांना वाचून दाखवतेस, ते भिंतीला दाखवल्यासारखं आहे. किती दिवस स्वतःला फसवशील? आरशात बघितलंयस का तू?" तो ओरडत नव्हता, हेच वाईट होतं. त्या जागेतली खाट त्याने महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवली आहे.

मी तिथेच सांगायला हवं होतं की चुकले ते बाबा नाहीत. पण बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांच्यादेखत कसं सांगू की दीड महिना तुमचं एक सोडून सगळं जिंकणं खोटं आहे?

५ मार्च, गुरुवार

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

"अहो, मग बरोबर उत्तर दिलं की त्यांनी! तुम्ही सांगितलं तेच."

"हो."

"पण मला ते धरता नाही येणार. सव्वीसला पुन्हा घेऊन या, पुन्हा विचारते. आणि तोवर त्यांना खरं काय ते सांगा. तुम्हीच सांगा."

दादाला सांगितलं तर म्हणाला, "आता तू त्यांच्यासाठी काहीही रचशील." त्याचं तरी काय चुकलं? मी रचतेच आहे.

१५ मार्च, रविवार

सांगायचं म्हणून त्यांच्याजवळ बसले. "बाबा, पिवळ्यांचं काय आहे ना," इथपर्यंत आले. ते इतक्या प्रेमाने बघत होते. मी म्हटलं, "पिवळ्यांचं बरं चाललंय."

पाय मारायच्या सायकलवर आज मीच बसले आणि बसून राहिले. घड्याळ म्हणालं, शाब्बास, आजचा आराम पूर्ण झाला.

मावशी म्हणाल्या, "तू जेव आधी." ताट वाढून समोर बसल्या. म्हणाल्या, "ते जायचे म्हणजे एवढं घर रिकामं होईल गं, मी दुपारी कुणाशी बोलू?" त्यांच्या रडण्याचा मला राग आला. माझी पाळी आधी होती.

२२ मार्च, रविवार

शेवटचा सामना, घरच्या मैदानावर. हरले तर घसरले. बाबांनी जेवण झाल्याझाल्या खिडकीसाठी अं-अं सुरू केलं. मी म्हटलं, नको, आज फार कालवा आहे. त्यांनी भिंतीवर हात आपटला, तशी उघडली.

मला लहानपणची एक गोष्ट आठवली. एकदा ते मला फलकाच्या मागे घेऊन गेले होते. तिथे नुसता अंधार, पत्रे आणि पाठीमागची भिंत. मैदान दिसायला एक फट, तीही माझ्या डोक्याच्या वर. मी विचारलं, बाबा, इथून गोल झालेला दिसतो कसा? ते म्हणाले, "दिसायला कशाला हवा? लोक सांगतात की." मला तेव्हा वाटलं, कुणीतरी येऊन सांगून जात असेल.

आजही ते तसेच बसले होते, मान जरा खाली, डोळे मिटलेले. बाहेर नुसता समुद्रासारखा आवाज. मला त्यातलं काही कळत नाही. मी भाजी निवडत बसले. मध्ये मध्ये त्यांचा डावा हात उठायचा. मूठ. मग एक बोट. मूठ, दोन बोटं. परत आकडी आली म्हणून मी भाजी ठेवून हात धरायला गेले, तर त्यांनी तो सोडवून घेतला. शेवटी मूठ आणि चार बोटं. मग हात मांडीवर ठेवला आणि खिडकी लाव अशी खूण केली.

२३ मार्च, सोमवार

शून्य-चार. पिवळे घसरले. पेपरात अर्धं पान फोटो, मैदानात बसलेले खेळाडू.

मला जमलंच नाही. पेपर उघडला आणि तोंडातून आलं, "बाबा, पिवळे वाचले. दोन-एक. शेवटच्या क्षणाला टकल्याने..."

बाबांनी माझं मनगट धरलं. घड्याळासकट. जोरात. मग सोडलं, आणि माझ्या तोंडासमोर मूठ धरली. मग चार बोटं उघडली. पुन्हा मूठ. पुन्हा चार. मी पेपरवरच्या आकड्याकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं. पेपर माझ्याकडेच होता, त्यांच्याकडे त्याची नुसती पाठ.

खिडकी. लोक सांगतात की. मूठ आणि दोन. एक आणि तीन.

म्हणजे घरच्या मैदानावरचा एकूण एक सामना त्यांना माहीत होता. मी नाचून नाचून वाचत होते आणि हा माणूस थोपटत होता. आयुष्यात कधी चुकीचा आकडा लावला नाही. एकदा संघाचे लोक भांडायला आले तरी लावला नाही. आणि मॅडमसमोर, दादासमोर, माझ्याकडे पाहून...

आता मीच अं-अं करत होते. बाबांचे ओठ हलायला लागले. आधी नुसती हवा. मानेच्या शिरा ताठ झाल्या, मला भीती वाटली, म्हटलं, राहू दे बाबा, राहू दे. ऐकेनात. "ह" आला. परत "ह". आणि मग घोगरा, अनोळखी, पण पूर्ण :

"हरलो."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि दोनदा थोपटलं. खोटं जिंकल्यावर थोपटायचे ना, अगदी तसंच.

मावशी धावत आल्या. "काय झालं? काय झालं?"

"हरलो, मावशी!" मी म्हटलं. "बाबा म्हणाले, हरलो!"

त्या दारातच उभ्या. "मग एवढी आनंदाने का रडतेस बाई?"

मग मी बातमी खरी वाचली. पहिल्या ओळीपासून. चारही गोल.

२६ मार्च, गुरुवार

मॅडमनी विचारलं, रविवारी काय झालं. मी छताकडे पाहत बसले, पंख्याची पाती मोजावीत तशी, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून काही वाचायला नको. बाबांनी टॅब बाजूला सारला. मूठ. चार बोटं. मॅडम म्हणाल्या, "आणि तोंडाने?" खूप वेळ लागला. दादा मध्येच उठून उभा राहिला, त्याला ते बघवेना. आला शब्द. अर्धाच, 'हर' पर्यंत, पुढचा आलाच नाही. दुसरा कुठलाही शब्द आला नाही. माझं नाव विचारलं, तेही नाही.

मॅडमनी उपचार तीन महिने चालू ठेवले आहेत. पुढचं पुढे, म्हणाल्या, आशा फार लावून घेऊ नका. दादाने त्या जागेला नाही म्हणून कळवलेलं नाही. "खाट जूनपर्यंत राहू देतो ठमे. तुझ्यासाठी." पण परत येताना गाडी मैदानावरून घेतली, न सांगता, आणि फलकासमोर थांबवली. रविवारचे आकडे कुणी उतरवले नव्हते. चार थोडा वाकडा लटकत होता. बाबा तोंड वाकडं करून बघत होते. दादा उतरला, शिडीवर चढला, आणि तो सरळ करून आला.

घरी खुर्चीत बसवल्यावर मी विचारलं, "बाबा, आजचं काय झालं? आपलं?"

त्यांनी विचार केला. ते उगाच काही दाखवत नाहीत, हे मला आता माहीत आहे. मग एक बोट वर केलं. हात खाली घेतला. आणि पुन्हा एकच बोट.